घरखर्चाची गळती कुठे शोधावी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी खर्चाची यादी नीट वाचली. कोथिंबिरीच्या जुडीपासून रिक्षापर्यंत सगळं टिपलं आहेस, आणि काटछाट सुचवली आहेस ती दूध आणि फळांत. तिथे हात लावू नकोस. दोघांच्या नव्या संसारात पैसा गळतो तो न बघता वापरलेल्या गॅस-विजेत आणि चुकीच्या वेळी, चुकीच्या मापाने घेतलेल्या किराण्यात. ताटातलं कमी न करता खर्च कमी करायचा असेल तर सुरुवात इथून कर.

आधी सिलिंडर. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्यापाशी रंगवलेलं असतं. तिथे १५.८ असेल तर भरलेली टाकी ३० किलो भरायला हवी. टाकी आणणाऱ्याकडे वजनकाटा असायलाच हवा. दारातच वजन करून घे, सील बघ आणि मगच पैसे दे. टाकी लावली की कॅलेंडरवर तारीख लिही. दोन-तीन टाक्यांनंतर आपली टाकी किती दिवस जाते हे कळतं, आणि एखादी आठ दिवस आधी संपली तर कारण शोधता येतं. ज्योत पिवळी दिसली, भांड्याचं बूड काळं होऊ लागलं, तर बर्नर चोंदला आहे. गार झाल्यावर काढून धू, भोकं पिनेने मोकळी कर, पूर्ण वाळवून बसव. ज्योत भांड्याच्या बाहेर येत असेल तर तेवढा गॅस फुकट जातो.

डाळ-भात कुकरमध्येच लाव, पण शिट्ट्या मोजत बसू नकोस. कुकरच्या आत दाब तयार झाला की तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं. मोठ्या आचेवर ते त्याहून वाढत नाही, फक्त वाफ शिट्टीतून उडते. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक कर. तासभर भिजवलेल्या तुरीच्या डाळीला आठ-दहा मिनिटं पुरतात. मग गॅस बंद कर आणि दाब आपोआप उतरू दे, त्या वेळातही डाळ शिजत असते. घाईने कुकर नळाखाली धरला की ती उष्णता मोरीत जाते. एकावर एक डबे ठेवून डाळ, भात आणि बटाटे एकाच वेळी होतात. एवढं करूनही डाळ बोटचेपी होत नसेल तर दोन कारणं तपास: चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातला का, आणि पाणी बोअरचं आहे का. आंबट पदार्थ आणि जड पाणी, दोन्हींमुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. झाकणाच्या कडेने वाफ जात असेल तर रिंग सैल झाली आहे, ती लगेच बदल.

आता वीज. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, आणि पुढे ५०० पर्यंत व त्यावर आणखी चढे दर असतात. १०१ वं युनिट आलं की सगळं बिल महाग होतं असं पुष्कळांना वाटतं, ते खरं नाही. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण तो पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या घरात असतो, म्हणून बचत शेवटच्या युनिटांत शोधायची. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे १६ युनिट वाचतात. हॉलमधल्या पाहुण्यांपुरत्या पंख्याला हा हिशेब लागू नाही; आधी झोपायच्या खोलीतला बदल. १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर पाणी तापवायला वीस मिनिटांच्या आसपास घेतो. तो तासन् तास चालू ठेवणं म्हणजे गार होणारं पाणी पुन्हा पुन्हा तापवणं. ५० अंशांवर ठेवलास तरी अंघोळीला पुष्कळ होतं. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणानेच बंद कर. दहा वॅट म्हटले तरी चोवीस तासांचे महिन्याला सात युनिट होतात. आणि बिलावर लवकर भरण्याची तारीख छापलेली असते, तिच्या आत भरलं तर एक टक्का सूट मिळते. रक्कम लहान आहे, पण त्यासाठी काही सोडावं लागत नाही.

किराण्यात सगळ्यात जास्त फसगत तेलाच्या मापात होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलोच तेल असतं आणि १५ किलोच्या डब्यात पूर्ण १५. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. पिशव्यांचंही तसंच, काहींत ९१० ग्रॅम तर काहींत त्याहून बरंच कमी भरतं. पाकिटावर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापलेली असते, तीच ताडून बघ. दोघांसाठी मोठा डबा मात्र घेऊच नकोस. महिन्याला लिटर-दीड लिटर लागणाऱ्या घरात उघडलेला डबा संपेपर्यंत तेल खवट होतं.

धान्याचं वेगळं आहे, ते हंगामातच घ्यावं. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, चिंच आणि मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. साठवणीचा कांदा म्हणजे उन्हाळी कांदा, एप्रिल-मेमधला. पावसाळी लाल कांदा टिकत नाही. उन्हाळी कांदा जाळीत किंवा जमिनीवर पसरून हवेशीर ठेव, बटाट्यांजवळ नको. दोघांना रोज आठ-नऊ पोळ्या धरल्या तर महिन्याला सात-आठ किलो गहू लागतात. भाड्याच्या वन बीएचकेत वर्षाचं क्विंटलभर धान्य भरण्याचा हट्ट नको. तीस किलोची कोठी चार महिने जाते आणि राखता येते.

गहू चाळून दोन दिवस कडक ऊन दे, मग रात्रभर सावलीत पूर्ण गार होऊ दे आणि नंतरच कोठीत भर. गरम गहू भरले की झाकणाला आतून पाणी सुटतं, मग बुरशी आणि सोंडे. दाणा दाताखाली कट्कन फुटला तर वाळला, चेपला तर अजून ओल आहे. तांदूळ उन्हात घालू नकोस, कणी होते. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात चोळ, गव्हात वाळलेला कडुनिंबाचा पाला घाल. बोरिक पावडर कोणी सुचवली तरी वापरू नकोस, ती पोटात जाणं चांगलं नाही. रवा, पोहे, बेसन महिन्यापुरतंच आण, विशेषतः पावसाळ्यात. दळणही पंधरा दिवसांचंच ठेव. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांतच कडू होऊ लागतं आणि ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. फेकून दिलेलं दोन किलो पीठ हे स्वस्तात मिळालेल्या गव्हाची सगळी बचत खाऊन टाकतं.

एका बाबतीत मात्र काटकसर अजिबात नको. गॅसची नळी पाच वर्षांनी, चीर दिसली तर त्याआधीच बदल. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घे. रस्त्यावर मिळणारा स्वस्त बसवू नकोस. टाकीवर ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, याप्रमाणे पुढे. तोवर त्या टाकीची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटून गेलेली टाकी दारातूनच परत कर.

पुढच्या पत्रासोबत गेल्या तीन महिन्यांची वीजबिलं पाठव. कोणत्या महिन्यात युनिट चढले ते बघू, आणि कोणता पंखा आधी बदलायचा ते ठरवू.

कळावे.