शाळेचा ई-रेटचा फॉर्म ४७० आमच्या मेहुण्यांनीच भरून दिला तर बिघडतं कुठे?

सगळंच बिघडतं. फॉर्म भरू नका म्हणावं त्यांना.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: मेहुण्यांची इथे न्यू जर्सीत स्विचेस आणि वायफाय बसवून देणारी छोटी कंपनी आहे. एका चार्टर शाळेचं (सरकारी पैशावर चालणारी, पण कारभार स्वतंत्र अशी शाळा) काम ते तीन वर्षं करतायत. यंदा शाळेला ई-रेटची, म्हणजे शाळा-वाचनालयांच्या इंटरनेट खर्चात सूट देणाऱ्या अमेरिकी सरकारी योजनेची, सबसिडी घ्यायची आहे आणि प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या, "आम्हाला यातलं काही कळत नाही, तुम्हीच फॉर्म भरा, मी सही करते." बाईंचा हेतू साफ असेल, मेहुण्यांचाही असेल. पण त्यांनी तो फॉर्म भरला की त्या कामासाठी बोली लावायचा हक्क ते गमावतात. तरीही बोली लावली आणि काम मिळालं, तर शाळेची सबसिडी जाते.

मी इथल्याच एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या टेक्नॉलॉजी ऑफिसात अकरा वर्षं आहे. म्हणजे टेबलाच्या पलीकडे, बोल्या उघडणाऱ्यांत.

आधी पैसा कुठून येतो ते बघा. तुमच्या फोनच्या बिलात 'युनिव्हर्सल सर्व्हिस' अशी एक ओळ असते, दोन-चार डॉलरची. १९९६च्या टेलिकॉम कायद्यानंतर त्या पैशातला एक वाटा शाळा आणि वाचनालयांच्या इंटरनेटसाठी जायला लागला. नियम एफसीसी, म्हणजे दूरसंचाराचं केंद्रीय नियामक मंडळ, करते, कारभार युसॅक ही संस्था बघते. शाळेत गरीब घरची मुलं किती आणि शाळा शहरी की ग्रामीण, यावर २० ते ९० टक्के सूट ठरते. मेहुण्यांचं काम मात्र 'कॅटेगरी टू'त येतं, म्हणजे इमारतीच्या आतलं नेटवर्क. तिथे सूट जास्तीत जास्त ८५ टक्के आणि पाच वर्षांसाठी मुलामागे ठरावीक बजेट. २०२१ ते २०२५ या निधीवर्षांसाठी ते मुलामागे १६७ डॉलर होतं. तीनशे मुलांच्या शाळेला पाच वर्षांत मिळून ५०,१०० डॉलरपर्यंतचं काम करता यायचं, आणि त्यातला मोठा भाग फंड देणार. रक्कम छोटी वाटेल, पण अशा शाळेला एवढा खर्च पदरचा करणं झेपत नाही.

आता फॉर्म ४७० म्हणजे काय? नावावरून अर्ज वाटतो, पण ती खरं तर निविदेची जाहिरात आहे. शाळा सांगते, आम्हाला हे हे हवंय, ज्याला जमेल त्यानं दर द्यावा. युसॅकच्या ईपीसी नावाच्या ऑनलाइन पोर्टलवर तो पडला की कुणालाही बघता येतो, आणि त्यानंतर किमान २८ दिवस शाळेनं कुणाचीही निवड करायची नाही. एक डिसेंबरला टाकला तर करारावर सही एकोणतीस डिसेंबरच्या आधी नाही. एक दिवस आधी सही झाली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

तेव्हा मेहुण्यांनी फॉर्म भरणं म्हणजे कंत्राटदारानंच टेंडरच्या अटी लिहून देणं. आपल्याकडे हे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. अटी अशा बेतायच्या की एकाच माणसाला तो अंगरखा बसेल. एफसीसीनं हे २००० सालीच मास्टरमाइंड नावाच्या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात निकालात काढलं. शाळांच्या फॉर्मवर संपर्कासाठी त्या कंपनीच्याच माणसाचं नाव होतं आणि बोली लावणारीही तीच कंपनी. अर्ज फेटाळले ते कायम राहिले. कुणी पैसे खाल्ले का, हा प्रश्नच तिथे आला नाही. संपर्काचं नाव व्हेंडरचं, एवढ्यावर स्पर्धा बिघडली असं धरलं गेलं. नियमाची भाषा 'फेअर अँड ओपन' अशी आहे आणि ती ते शब्दशः घेतात.

"कुणाला कळणार आहे?" हा पुढचा प्रश्न मेहुण्यांच्या मनात असेलच. कळतं. माझ्या ओळखीतल्या एका शाळेनं आरएफपीची, म्हणजे सविस्तर निविदापत्राची, वर्ड फाइल पोर्टलवर चढवली. तपासणीत प्रश्न आला, की या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ऑथर' म्हणून दिसणारी व्यक्ती कोण? ती होती काम मिळालेल्या कंपनीच्या सेल्समधली बाई. तिनं चांगुलपणानं आपला जुना नमुना पाठवला होता, शाळेनं वरचं नाव बदललं आणि फाइल चढवली. बिचाऱ्या बिझनेस मॅनेजरनं उत्तर लिहिण्यात दोन आठवडे घालवले. काही उपयोग झाला नाही, सूट गेली आणि सगळं बिल शाळेच्या अंगावर पडलं. शिवाय एकाच व्हेंडरकडे गेलेल्या पाच शाळांच्या अर्जात तीच वाक्यं, त्याच स्पेलिंगच्या चुका दिसल्या, तर तपासणारे ते बरोबर हेरतात.

भारतातून आलेल्या माणसाचा आणखी एक गोंधळ होतो. आपल्या डोक्यात 'एल-वन' बसलेलं असतं: कमीत कमी दर, त्याचं काम. इथे तसं नाही. अनेक निकष लावता येतात, फक्त किमतीला इतर प्रत्येक निकषापेक्षा जास्त वजन हवं. आमच्या मागच्या शीटमध्ये किंमत ३०, आधीचं काम २५, तांत्रिक आराखडा २५, वॉरंटी आणि सर्व्हिस २० असे गुण होते. एकाचा दर ४१,००० डॉलर, त्याला किमतीचे पूर्ण ३०. दुसऱ्याचा ४६,५००, त्याला साधारण साडेसव्वीस. पण बाकीच्या तीन रकान्यांत पहिल्याला ५७ आणि दुसऱ्याला ६५ मिळाले, म्हणून ८७ विरुद्ध ९१ असा महागडा जिंकला. हे नियमात बसतं. किंमत ३० आणि अनुभवही ३० ठेवला असता तर बसलं नसतं. आणि कंपनी आधी निवडून किंमत नंतर ठरवू, हे तर मुळीच चालत नाही. टेक्ससमधल्या इस्लेटा स्कूल डिस्ट्रिक्टनं आयबीएमला तसं निवडलं होतं, २००३ साली एफसीसीनं ते चुकीचं ठरवलं.

म्हणजे मेहुण्यांनी घाबरून दर पाडायचं कारण नाही. तीन वर्षं काम चोख केलं असेल तर त्याचे गुण त्यांना रीतसर मिळू शकतात. फक्त शाळेनं मागणीत एकाच ब्रँडचं नाव लिहून ठेवू नये. लिहिलंच तर पुढे 'किंवा समतुल्य' हवं.

भेटवस्तूंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दिवाळी येते म्हणून सांगते. एका देशी व्हेंडरनं माझ्या नावानं काजूकतलीचा डबा पाठवला होता. ओक ट्री रोडवरच्या दुकानाचं स्टिकर तसंच होतं, चोवीस डॉलर. नियम असा की व्हेंडरकडून एका वेळी वीस डॉलरपर्यंतची वस्तू चालते आणि एका कंपनीकडून एका कर्मचाऱ्याला वर्षभरात पन्नासपर्यंत. २०११पासून हा नियम बारा महिने लागू आहे, टेंडर चालू असो वा नसो. मी डबा परत पाठवला. त्यांचा फोन आला, "ताई, मिठाई आहे हो, लाच नाही." मला फार वाईट वाटलं, कारण माणूस खरंच चांगला होता. पण चार डॉलर वर होते आणि आठवडाभरात त्यांची बोली उघडायची होती. मीटिंगला कॉफी-डोनट आणलेत तर हरकत नसते. जेवायला नेऊ नका. हे नियम इतके कोते का, याचं उत्तर डॅलस आणि ह्यूस्टनच्या शाळांच्या प्रकरणात आहे. तिथे अधिकाऱ्यांना बोटीवरच्या सहली आणि सुपर बोलची तिकिटं दिल्याचे आरोप झाले, आणि २०१०मध्ये हेवलेट-पॅकार्डनं एक कोटी साडेबासष्ट लाख डॉलर भरून ते मिटवलं. बोटीचा राग काजूकतलीवर निघतो, असं म्हणा हवं तर.

शाळेचा वाटा मेहुण्यांनी 'जाऊ द्या हो' म्हणून सोडायचा नाही, हेही त्यांना आत्ताच सांगा. बिल हजाराचं आणि सूट ८० टक्के असेल तर दोनशे शाळेनं भरलेच पाहिजेत, आणि भरल्याचा पुरावा हवा. माफ केले किंवा दुसऱ्या बिलात जिरवले तर तो थेट नियमभंग आहे. तसंच दराचं. तशाच प्रकारच्या दुसऱ्या बिगरघरगुती ग्राहकाला जो कमीत कमी दर देता, त्यापेक्षा जास्त दर शाळेला लावता येत नाही. या नियमावरून विस्कॉन्सिन बेल या टेलिफोन कंपनीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये कोर्टानं एकमतानं सांगितलं, की ई-रेटचे पैसे मागणं हा सरकारकडे केलेला दावा धरता येतो. म्हणजे खोट्या दाव्यांचा कायदा लागू होऊ शकतो आणि त्यात भरपाई तिपटीनं असते. छोट्या कंपनीचा त्यात निकाल लागेल.

मग मेहुण्यांनी करायचं काय? युसॅककडे फॉर्म ४९८ भरून स्वतःचा स्पिन नंबर, म्हणजे व्हेंडरचा ओळख क्रमांक, घ्यायचा, दरवर्षीचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म ४७३ द्यायचं, आणि शाळेचा फॉर्म पोर्टलवर दिसेपर्यंत थांबायचं. त्याआधी आपली उपकरणं काय करतात हे ते शाळेला दाखवू शकतात, तारखांची आठवणही करून देऊ शकतात. पण गरज किती, मॉडेल कोणतं, निकष कसे, यात हात घालायचा नाही. बोली लावली की शंका लेखी विचारायच्या. शाळेनं उत्तर दिलं तर ते सगळ्यांना मिळायला हवं, म्हणून फोनवर काही ठरवू नका. शाळेला खरंच जमत नसेल तर स्वतंत्र सल्लागार असतात, त्यांचा कुठल्याही व्हेंडरशी संबंध नसावा लागतो. युसॅकचं मोफत प्रशिक्षणही आहे. प्रिन्सिपॉलबाईंनी दोन तास दिले तर फॉर्म त्यांना नक्की भरता येईल. मी पहिल्यांदा भरला तेव्हा मलाही ओ की ठो कळत नव्हतं.

एकच बोली आली तरी शाळा घेऊ शकते, मात्र दर वाजवी का वाटला याची नोंद फाइलीत ठेवायची. हरलेल्या बोल्या, गुणांचा तक्ता, ईमेल, सगळं सेवा संपल्यापासून दहा वर्षं जपायचं. हे मेहुण्यांनाही लागू आहे. आमच्या ऑफिसातलं एक कपाट याच खोक्यांनी भरलंय.

आणि तुमचा प्रश्न वाचून मला शंका येते की फॉर्म आधीच भरून झालाय. तसं असेल तर तो तसाच पुढे रेटू नका. मुख्य अर्जाची, म्हणजे फॉर्म ४७१ची, खिडकी साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंत असते. तिच्या शेवटच्या तारखेतून २८ दिवस मागे मोजा. त्या दिवसाच्या आत शाळेनं जुना फॉर्म रद्द करून, मेहुण्यांचा एकही शब्द न वापरता, स्वतःच्या लॉगिननं नवा टाकला तर हे वर्ष वाचेल. पुन्हा २८ दिवस थांबावं लागेल, एवढंच. आणि त्या नव्या फॉर्मवर संपर्क म्हणून बाईंचा स्वतःचा ईमेल जातोय ना, ते त्यांना दोनदा बघायला सांगा.