मागणी पडलीय की गिऱ्हाईक पळालंय, आधी एवढं बघा

तुम्ही विचारलंय की गुगल, अ‍ॅमेझॉन स्वतःच्या चिप बनवतायत, एआयची मागणीही ओसरणार म्हणतात, तर एआयच्या चिप विकणाऱ्या एनव्हिडियाचे शेअर आत्ताच काढावेत का. वीक किंवा ठेव असं मी सांगणार नाही, पण ह्या दोन वेगळ्या भित्या आहेत आणि तुम्ही त्यांची खिचडी केलीय. मागणी पडली म्हणजे गिऱ्हाईक थांबलंय, आज ना उद्या येईल. स्पर्धेत मागे पडलो म्हणजे ते शेजारच्या दुकानात गेलं. शेअर मात्र दोन्ही वेळेला सारखाच आपटतो, म्हणून घोळ होतो.

2021 ला मुलासाठी एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड (गेमसाठी कम्प्युटरात बसवतात ते) बघायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो होतो, दुकानदार दुप्पट भाव सांगत होता आणि वर म्हणे उद्या हेही मिळणार नाही. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत त्याच गल्लीत क्रिप्टो मायनिंगवाल्यांची वापरलेली कार्डं, पंख्यांवर धुळीचा थर, काउंटरवर रचून ठेवलेली. एनव्हिडियाच्या आकड्यात हे ऑगस्ट 2022 लाच दिसलं, 8.1 अब्ज डॉलर विक्रीचा अंदाज दिलेला आणि झाली 6.7 अब्ज, पडून राहिलेल्या मालापायी वगैरे 1.32 अब्जांचा फटका. गेमिंग तिसऱ्या हिश्श्याने खाली. पण त्याच तिमाहीत डेटा सेंटरची, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या सर्व्हरसाठीच्या चिपची विक्री वर्षभरापूर्वीपेक्षा 61% जास्त होती, ते फार थोड्यांनी बघितलं.

आता त्याच सुमाराचं इंटेलचं उदाहरण बघा, पीसी आणि सर्व्हरच्या चिप बनवणारी जुनी कंपनी. पीसीची मंदी सगळ्यांनाच होती, ते सोडा. पण इंटेलचा डेटा सेंटर धंदा 16% घटला आणि तिची स्पर्धक एएमडीचा तोच धंदा 83% वाढला! म्हणजे सर्व्हर घेणारे घेतच होते, इंटेलकडून कमी घेत होते. त्यांची सॅफायर रॅपिड्स ही नवी सर्व्हर चिप पुढे ढकलत ढकलत जानेवारी 2023 ला आली, तोवर एएमडी टीएसएमसी ह्या दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या कंपनीकडून चिप बनवून घेऊन विकत होती. स्वस्त झालाय, डिव्हिडंड पण देतो म्हणून अ‍ॅव्हरेज करत, म्हणजे पडत्या भावात आणखी घेत गेलेल्यांना ऑगस्ट 2024 ला कळलं, डिव्हिडंड थांबवल्याची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी शेअर 26% पडला.

नुसत्या धास्तीनेही पडतो बरं का. डीपसीक ह्या चिनी कंपनीने कमी चिपवर एआय बनवल्याच्या बातमीने 27 जानेवारी 2025 ला एनव्हिडिया एका दिवसात 17% पडला, आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या तिमाहीत विक्री वर्षभरापूर्वीपेक्षा 69% जास्त.

तुमच्या प्रश्नाला लावायचं तर, गुगलची स्वतःची एआय चिप टीपीयू 2015 पासून वापरात आहे, त्यामुळे चिप बनवली ही बातमीच नाही, किती कामं तिकडे सरकतायत ते बघायचं. मी टीएसएमसीवर लक्ष ठेवतो कारण एनव्हिडिया, एएमडी, गुगल सगळ्यांच्या चिप तिथेच बनतात, महिन्याच्या 10 तारखेपर्यंत विक्रीचा आकडा येतो, पण त्यात आयफोनच्या चिपही असतात म्हणून तिमाही निकालातला हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंगचा (सर्व्हर, एआय वगैरेच्या चिपचा) वाटा वेगळा काढून बघा. तो वाटा आणि एनव्हिडियाचं डेटा सेंटर दोन्ही घसरले तर मागणी गेली. तो वाढतोय आणि एनव्हिडिया एकटीच घसरतेय, तर गिऱ्हाईक हललंय, आणि तेव्हा मी शेअर धरून बसणार नाही. कारण तिचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक मोजकेच, आणि स्वतःची चिप बनवणारे त्यातलेच, ही काळजी मला खरी वाटते.

तुमच्या एकूण पैशातले किती टक्के ह्या एका शेअरात आहेत ते लिहिलं नाहीत. ते सांगा, मग पुढचं बोलू.