मिस्त्रीभाऊ, दिवा पुन्हा लागला!

यावेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत: डॅशबोर्डवरचा तो इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. माझं गॅरेज दारव्ह्यात, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. तिथेही रोज एक तरी गाडी हेच गाऱ्हाणं घेऊन येते. तेव्हा ब्रेक, क्लच, एसीवाल्यांनी महिनाभर थांबावं. सुरुवात घाटंजीच्या गुरुजींपासून करतो, कारण सगळ्यात मोठी चाट त्यांच्या खिशाला बसली आहे.

प्रश्न : माझी २०१८ची लहान पेट्रोल गाडी ७१ हजार किलोमीटर चालली आहे. दिवाळीआधी इंजिनाचा दिवा लागला. एका मिस्त्रीने मशीन लावलं, 'पी ०१७१' असा कोड आला. 'ऑक्सिजन सेन्सर गेला' म्हणून साडेचार हजारांचा नवीन बसवला. आठ दिवसांत दिवा परत! आता तो म्हणतो, मागचा दुसरा सेन्सरही बदला. बदलू का? (एक शिक्षक, ता. घाटंजी)

उत्तर : नका बदलू, गुरुजी. आपल्याकडे म्हणतात ना, रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला, तसं झालंय. कोड लिहून पाठवलात हे फार बरं केलंत. पी ०१७१चा अर्थ 'सेन्सर खराब' असा नाहीच. त्याचा अर्थ, इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. ही खबर दिली कोणी? सेन्सरने. म्हणजे फिर्याद घेऊन आलेल्या माणसालाच कोठडीत टाकलं.

हा सेन्सर इंजिनाजवळ, सायलेन्सरच्या नळीत स्पार्क प्लगसारखा पिळून बसवलेला असतो. टोकाला झिरकोनियाची टोपी. चिनी मातीसारखा कडक पदार्थ, आकार शिंप्याच्या अंगुस्तान्यासारखा, पण त्याहून बारीक. टोपीच्या बाहेरून जळका धूर जातो, आत आपली साधी हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की टोपी वीज तयार करते. धुरात ऑक्सिजन जवळपास उरलाच नाही तर ०.९ व्होल्टच्या आसपास, भरपूर उरला तर ०.१. गाडीचा कॉम्प्युटर तो आकडा बघून पेट्रोल थोडं वाढवतो, थोडं कमी करतो, पुन्हा वाढवतो. गरम इंजिनावर स्कॅनर लावून बघा, आकडा झोपाळ्यासारखा सारखा वरखाली होत असतो. १९७६मध्ये बॉशने व्होल्वोच्या गाडीत हा सेन्सर पहिल्यांदा दिला, तेव्हापासून मूळ युक्ती हीच. वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हा मेळ साधायचा.

मागचा सेन्सर असतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू साफ करणाऱ्या डब्याच्या, नंतर; धूर डब्यातून बाहेर पडतो त्या बाजूला. त्याचं मुख्य काम कन्व्हर्टर नीट चालतोय की नाही यावर पहारा देण्याचं. तो बदलून पी ०१७१ जाणार नाही.

मग हवा येते कुठून? आधी बिनपैशाची तपासणी करा. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा. सोबत्याला मागे सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओला फडका अर्धवट दाबून धरायला सांगा, क्षणभरच. तुम्ही बॉनेट उघडून कान द्या. इंजिनाजवळच्या जोडातून 'फुस् फुस्' आलं किंवा तिथे काजळीचा काळा ओघळ दिसला, तर त्या जोडाची फट बुजवणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, गेलं. धुराचा प्रत्येक ठोका पुढे गेला की मागे क्षणभर ओढ तयार होते आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडलं! पंक्चरवाला ट्यूबला लावतो तसं साबणाचं पाणी थंड जोडावर लावलं तरी बुडबुडे दिसतात. इंजिन तापल्यावर मात्र यातलं काही करू नका, आणि बंद शेडमध्ये तर कधीच नाही.

तिथे काही सापडलं नाही, तर मिस्त्रीला स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' बघायला सांगा. कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडतोय, तो हा आकडा. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. उभ्या गाडीत ट्रिम +२१, आणि रेस वाढवून २५०० आरपीएमवर नेली की +५. इथेच अर्धं उत्तर मिळालं. इंजिन हळू चालतं तेव्हा ते हवा थोडी घेतं, म्हणून बारीक गळतीचाही फरक मोठा पडतो. रेस वाढली की तीच गळती मामुली ठरते. शोधलं तर इंटेक मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाची, बोटभर रबरी नळी वाकणाच्या आतल्या बाजूने तडकलेली. आपल्याकडचा ४५ अंशांचा मे महिना रबराला सोसत नाही. याच्या उलट, गाडीवर लोड आल्यावर ट्रिम वाढत असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर बघायचे.

आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, १ भागाला साधारण ९. म्हणून तेवढ्याच हवेत कॉम्प्युटरला इंधन थोडं जास्त सोडावं लागतं. निरोगी गाडी हे सांभाळून घेते. पण नळी आधीच तडकलेली असेल, तर गाडीच्या ट्रिमचा आकडा मर्यादेला लवकर टेकतो. नवीन सेन्सर असू द्या गाडीत, त्याने खोटं काही सांगितलेलं नाही.

प्रश्न : चार महिन्यांपासून दिवा लागलेला आहे, पण पीयूसीत गाडी पास झाली. मग दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर चालेल ना? सेमाडोहच्या घाटात चढताना मात्र तो कधी कधी उघडझाप करतो. (आरोग्य सेविका, धारणी)

उत्तर : ताई, शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण मला घोर लागला तो त्याच वाक्याने. स्थिर दिवा म्हणजे 'सवड काढून दाखवा'. उघडझाप म्हणजे 'पाय उचला'. चढावर लोड आला की एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही (यालाच मिसफायर म्हणतात), न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि कन्व्हर्टरच्या आत पेट घेतं. आतला मधाच्या पोळ्यासारखा दगड वितळू शकतो. बिघाड असतो प्लगचा किंवा कॉइलचा, आणि बिल येतं कन्व्हर्टरचं. ॲक्सिलरेटर सोडा, खालच्या गिअरमध्ये हळू चला, तरी थांबत नसेल तर सुरक्षित जागा बघून गाडी उभी करा.

उभी करताना खाली बघा. कापलेल्या गवतावर, सोयाबीनच्या कुटारावर, पऱ्हाटीच्या ढिगावर तापलेली गाडी लावायची नाही. कन्व्हर्टर बऱ्याच गाड्यांत पोटाखाली असतो आणि मिसफायरमध्ये तो नेहमीपेक्षाही जास्त तापतो. खळ्यावर गाडी नेणाऱ्या सगळ्यांनाच हे सांगून ठेवतो.

पीयूसीचं म्हणाल, तर तिथला माणूस सायलेन्सरमध्ये नळी घालून उभ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतो. घाटात लोडवर काय होतं ते त्या नळीला कळत नाही, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड तो वाचत नाही. तुमचं सर्टिफिकेट खरं आहे, दिवाही खरा आहे. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी पाहिल्या.

प्रश्न : बीएस सहा डिझेल गाडी आहे. घर ते वावर चार किलोमीटर, दिवसातून तीन खेपा. डीपीएफचा दिवा दर पंधरा दिवसांनी लागतो. दुसरं म्हणजे, ॲडब्लूची बादली महाग पडते. घरी युरियाची बोरी आहेच, पाण्यात कालवून टाकला तर? (कास्तकार, ता. केळापूर)

उत्तर : भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तुम्ही बादली कालवायला घेतली असेल तर थांबा. ॲडब्लू म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोडायला धुरात फवारलं जाणारं पाणी. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो हे खरं, बाकी शुद्ध केलेलं पाणी. पण खताचा युरिया वेगळा. २०१५पासून आपल्याकडच्या खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात बाययुरेट असतं आणि विहिरीच्या पाण्यात क्षार. हे सगळं बारीक फवाऱ्याच्या तोंडाशी जमतं आणि पुढच्या कॅटॅलिस्टवर बसतं. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा सेन्सर मागे बसलेलाच असतो, तो लगेच बोंब ठोकतो. मग इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरूच होणार नाही, अशी पाळीही येते. पऱ्हाटीचं खत पऱ्हाटीलाच घाला.

आता डीपीएफ. ही धुरातली काजळी अडवणारी जाळी. तिच्या अलीकडे आणि पलीकडे दोन नळ्या निघतात आणि एका दाब मोजणाऱ्या सेन्सरला जोडलेल्या असतात. दोन्हीकडच्या दाबातला फरक वाढला म्हणजे जाळी भरली. काजळी जाळायला जाळीत सुमारे ६०० अंश उष्णता लागते. चार किलोमीटरच्या खेपेत इंजिन धड तापत नाही, तर जाळी कुठून तापणार? कॉम्प्युटर जाळायला घेतो, तेवढ्यात तुम्ही वावरात पोचता आणि चाबी काढता. काम अर्धवट.

तुमच्याजवळून ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो. आठवड्यातून एकदा पांढरकवड्याहून त्यावर गाडी काढा. वीस-पंचवीस मिनिटं, ६०च्या वर, आरपीएम २०००च्या आसपास राहील असा गिअर ठेवून. दिवा लागलाच असेल तर त्याच दिवशी जा, लाल व्हायची वाट बघू नका. आणि ऑइलची डिपस्टिक काढून बघा. जाळी तापवायला सोडलेलं जास्तीचं डिझेल अर्धवट खेपांमध्ये ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं, तर खूश होऊ नका, बदलून घ्या. दिवा गेला नाही तर त्या दोन रबरी नळ्या आधी तपासा. नळी फाटली किंवा तुंबली, की चांगल्या जाळीचाही आकडा चुकीचा येतो.

खरं सांगू? रोजचा फेरा चार किलोमीटरचाच राहणार असेल, तर पुढची गाडी घेताना डिझेलचा हट्ट सोडा.

प्रश्न : ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलने धुतला तर चालतो का? (तिघांनी विचारलं आहे)

उत्तर : नाही. तारेच्या ब्रशने घासायचा नाही, पेट्रोलमध्ये बुडवायचा नाही. काजळी आली कशाने ते शोधा. टोक पांढरट चकचकीत दिसलं तर गॅस्केटला चोपडलेल्या साध्या सिलिकॉनवर शंका घ्या. त्याची वाफ टोपीवर काचेसारखी बसते, ती निघत नाही. सेन्सरला चालेल असं सिलिकॉन वेगळं मिळतं, डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

प्रश्न : भाव वाढायची वाट बघत कापूस घरातच भरून ठेवला होता. गाडी त्याच शेडमध्ये. उंदरांनी सेन्सरची तार कुरतडली. वायरमनकडून झाळ मारून घेतली, वरून ग्रीस आणि टेप. दिवा दोन दिवस गेला, पुन्हा आला. कोड पी ०१३५. (कास्तकार, ता. आर्णी)

उत्तर : दादा, हीच चूक मी स्वतः केली आहे, म्हणून वायरमनला बोल लावत नाही. गॅरेज टाकलं त्या वर्षी एका डॉक्टरांच्या गाडीची तार मी अशीच झाळली होती. सुबक जोड, त्यावर ग्रीसचा थर, त्यावर टेपचे तीन वेढे. महिन्याभरात सेन्सर उलटसुलट बोलायला लागला. कारण मला पुढे कळलं. टोपीच्या आत साधी हवा लागते हे वर सांगितलंच. अनेक सेन्सरमध्ये ती हवा तारेच्या आवरणातून, तांब्याच्या बारीक धाग्यांच्या फटींमधून आत जाते. सेन्सर तारेतून श्वास घेतो! मी झाळ आणि ग्रीसने त्याचं नाकच बुजवलं होतं. डॉक्टरांना दुसरा सेन्सर माझ्या पैशाने बसवून दिला.

तुमचा कोड मात्र हीटरचा आहे. सेन्सरला साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलता येत नाही, म्हणून त्यात शेगडीसारखी तार असते. चार तारांपैकी एका रंगाच्या दोन, बहुतेकदा पांढऱ्या, त्या हीटरच्या. प्लग सोडवून या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावा. थंड असताना साधारण दोन ते पंधरा ओहम दिसले तर हीटर जिवंत आहे. मग फ्यूज बघा आणि तार पुढे कुठे तुटली ते शोधा. उंदीर एकाच जागी थांबत नाही. मीटरवर काहीच आलं नाही, तर सेन्सर खरंच गेला, आणि अशा वेळी नवीन घ्यायला माझी हरकत नाही. झाळलेला जोड मात्र दोन्ही बाबतीत कापून टाका आणि दाबून बसवायच्या क्लिपांनी पुन्हा जोडा, ग्रीस न लावता.

नवीन बसवायचा झाला तर इंजिन कोमट असताना जुना काढा. थंड असताना जाम बसलेला असतो, जोर लावला तर नळीतल्या आट्या घेऊन बाहेर येतो. आट्यांना लावायची पेस्ट टोकाला लागू देऊ नका. आणि गाडी कापसाच्या शेडमधून आजच बाहेर काढा. परवा एका गाडीचं एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत सरकीसकट कापसाचं घरटं, आणि घरट्यात पाच पिल्लं.