स्मार्ट घरांवर संशोधन करताय? आधी एका घरात जाऊन बसा

स्मार्ट घरांतली, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या घरगुती उपकरणांमधली प्रायव्हसी हा तुमचा विषय छान आहे, फक्त आवाका कमी करा. स्पीकर, टीव्ही, बल्ब सगळं एकदम घेतलंत तर हाती काही लागणार नाही. मी दारावरचा कॅमेरा निवडेन, कारण सोसायटीत तो बहुतेकदा समोरच्यांच्या दारावरच रोखलेला असतो.

नवखे हमखास दोन चुका करतात:

१. ‘तुम्हाला प्रायव्हसीची काळजी वाटते का?’ असं विचारणं. सगळे ‘हो’ म्हणतात, प्रश्नावली वाया. त्यापेक्षा म्हणा, ‘कालचं रेकॉर्डिंग डिलीट करून दाखवा.’ फोन त्यांच्याच हातात राहू द्या. कुठल्या मेनूत अडतात, कधी मुलाला हाक मारतात, ते टिपा. माझ्या पहिल्याच मुलाखतीत एका काकूंनी बराच वेळ शोधाशोध केली आणि शेवटी सरळ प्लगच उपटला! माझ्या वहीतली ती सगळ्यात कामाची नोंद.

२. ज्याने उपकरण बसवलं त्याच्याशीच बोलणं. पासवर्ड त्याच्याकडे, कॅमेऱ्यासमोरून रोज जातात त्या कामाच्या मावशी. त्यांना वेगळं भेटा, मालकिणीसमोर नको.

वाचनात २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आधी घ्या. व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी हाताळलेला डेटा त्याच्या कक्षेबाहेर आहे, म्हणजे शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याचं काय, हा तुमच्यासाठी आयता प्रश्न. मग त्याच वर्षीचं अमेरिकेतलं अ‍ॅलेक्सा प्रकरण बघा: मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग्ज साठवून ठेवल्याच्या आरोपावरून अ‍ॅमेझॉनला अडीच कोटी डॉलर भरावे लागले.

नेटवर्क ट्रॅफिक (उपकरण इंटरनेटवरून काय पाठवतं ते) तपासणं वगैरे आत्ता नको. पहिल्या तीन मुलाखती झाल्या की नोंदी दाखवा, मग बोलू.