विषाणू बदलण्याआधी पेशी कोणाच्या ते बघा

‘एसएमएमसी-7721 मध्ये जनुक दाबलं की वाढ मंदावते, हेपजी2 आणि हुह7 मध्ये ढिम्म फरक नाही, आणि सर म्हणतात लेंटिव्हायरस नीट बनला नाही.’ तुमची ही अडचण वाचली आणि पोटात गोळाच आला. (ही तिन्ही नावं प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या, यकृताच्या कर्करोगाच्या मानल्या जाणाऱ्या पेशींची; लेंटिव्हायरस म्हणजे जनुक दाबणारा तुकडा पेशीत पोचवणारा विषाणू.) हेच मी दीड वर्षं भोगलंय.

टायटर (विषाणूचं प्रमाण), प्युरोमायसिनची (विषाणू न शिरलेल्या पेशी मारणाऱ्या औषधाची) मात्रा हे सगळं तुम्ही बघितलं असेलच. मला एवढंच सांगा, 7721 ची कुपी आली कुठून? आमच्याकडे शेजारच्या लॅबमधून आली होती. झाकणावर मार्करने नाव आणि पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा), बस्स. मी चार वेळा विषाणू नव्याने बनवला, तीन वेगळे एसएचआरएनए (जनुक दाबणारे आरएनएचे तुकडे) लावून बघितले, पण पेशींवर संशय घेतला नाही. एसटीआर तपासणीचं (पेशी कोणाच्या ते ओळखणारी डीएनए चाचणी) सुचलं तेव्हा आमच्या हिशेब विभागाने तीन महिने फाईल अडवून धरली. ‘पेशी आहेत ना तुमच्याकडे, मग तपासायच्या कशाला?’ तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. त्या तीन महिन्यांतही माझे प्रयोग चालूच होते, सगळे वाया गेले.

अहवाल आला. टीएच01 या डीएनएतल्या जागेला फक्त 7, लिंग सांगणाऱ्या अमेलोजेनिनला फक्त एक्स आणि खाली एक शब्द: हेला. 1951 साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी. यकृताशी काडीचा संबंध नाही! 7721 म्हणून फिरणाऱ्या पेशी हेलाच्या निघतात हे नोंदलेलं आहे. बेल-7402 आणि ‘निरोगी यकृत’ म्हणून सर्रास वापरली जाणारी एल-02 यांचीही तीच कथा.

हेलामध्ये एचपीव्ही-18 या विषाणूचं ई6 प्रथिन पी53 (पेशींची बेलगाम वाढ रोखणारं प्रथिन) टिकूच देत नाही. हेपजी2 मध्ये पी53 शाबूत असतं, हुह7 मध्ये बिघडलेलं, हेप3बी या आणखी एका यकृताच्या पेशींमध्ये नसतंच. माझं जनुक पी53 शी जोडलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या पेशीत वेगळं उत्तर येणारच होतं. तुमचं जनुक कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा तुमच्याकडेही हेच कारण असेल असा माझा दावा नाही.

पैसे मंजूर होईपर्यंत एचपीव्ही-18 ई6 चा पीसीआर (ते जनुक पेशींत आहे का ते दाखवणारी चाचणी) करून बघा, एका दिवसाचं काम आहे. बँड (ते जनुक सापडल्याची पट्टी) आला तर 7721 वरचं काम तिथेच थांबवा. नाही आला तरी एसटीआर टळत नाही. नव्या पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) संग्रहातून मागवा आणि आल्या आल्या चार-पाच कुप्या गोठवून ठेवा.

जाता जाता, हेपजी2 ला प्रबंधात हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा (यकृताचा नेहमीचा कर्करोग) लिहू नका, ती हेपॅटोब्लास्टोमाची (लहान मुलांमधल्या यकृताच्या गाठीची) आहे. आणि वाढ फक्त एमटीटी या रंगचाचणीवर ठरवू नका. एमटीटी पेशींचा चयापचय मोजतं, संख्या नाही. ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) घालून सलग पाच दिवस मोजा, स्क्रॅम्बल्ड कंट्रोलला (कुठलंच जनुक न दाबणाऱ्या तुलनेच्या विषाणूला) तेवढाच एमओआय (दर पेशीमागे विषाणूंचं प्रमाण) ठेवा.

एसटीआर अहवाल आला की आकडे इथे टाका, मी माझ्या अहवालाशी ताडून बघते.