रडीचा डाव

"मॅडम, हा सरळ सरळ रडी खातो." आईनं खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं. मुलगा सव्वाचार वर्षांचा. सापशिडीत सापाच्या तोंडी आला की सोंगटी हळूच शेजारच्या घरात सरकवतो, आणि हरायला लागला की पटच उधळतो. बाबांचं म्हणणं, आत्ताच रोखलं नाही तर खोटेपणा अंगवळणी पडेल. ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. मी पट काढला आणि म्हटलं, "तुम्ही दोघं खेळा, मी नुसती बघते."

चौथ्या-पाचव्या दानालाच गंमत कळली. त्याची सोंगटी ४४ वर होती, दान पडलं तीन. त्यानं उभ्या असलेल्या घरावरच बोट टेकवून "एक" म्हटलं, मग दोन, तीन, आणि ४६ वर थांबला. आईनं सोंगटी उचलून ४७ वर ठेवली. तिथे साप! त्यानं ती परत ४६ वर आणली. आईनं माझ्याकडे बघितलं: बघा, हेच! त्याच्या हिशेबानं मात्र रडी आई खात होती.

सगळीच रडी अशी निष्पाप नसते, हेही खरं. पुढच्या एका सापावरून त्यानं डोळ्यांदेखत उडी मारली. पण आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, नियम लक्षात ठेवायचा आणि नको ते घर आलं तरी हात आवरायचा, हे सगळं एकाच वेळी जमणं या वयात अवघडच. त्यात घरं १००, एक ओळ डावीकडून उजवीकडे तर पुढची उलटी. माझ्या मते चार वर्षांच्या मुलासाठी हा पट फार लांबलचक आहे.

म्हणून मी एक कागदी पट्टी करायला सांगितली. एका ओळीत १ ते १० घरं, साप नाही, शिडी नाही. फाशावर चिकटपट्टी लावून फक्त एक आणि दोनच ठिपके. सोंगट्या म्हणून बटणं चालतील, पण घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बटणं नकोत, तोंडात जातात. तिसऱ्या घरातून दोन पुढे जाताना "एक, दोन" नाही म्हणायचं, "चार, पाच" म्हणायचं. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशाच आकड्यांच्या पट्टीवर पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं खेळून बालवाडीच्या वयाच्या मुलांची अंकांची समज वाढली होती. नुसत्या रंगांच्या पट्टीनं तसा फरक पडला नव्हता.

"मग आम्ही मुद्दाम हरायचं का?" आईनं विचारलं. नशिबाच्या खेळात त्याची गरजच नाही, फासाच कधी ना कधी हरवतो. तेव्हा बाबांनी मोठ्यानं म्हणावं, "हात्तिच्या, हरलो! वाईट वाटलं बुवा. आणखी एक डाव?" आणि मुलगा पट उधळायच्या बेतात दिसला, तर डाव तिथंच थांबवावा. पूर्ण झालाच पाहिजे असं कुठं आहे?

तीन आठवड्यांनी आई एकटीच आली. पट दोनदा उधळला होता, पट्टी एकदा फाटली होती. आदल्या रात्री बाबांनी उभ्या घरापासूनच "एक" म्हणत मोजायला सुरुवात केली, मुद्दाम की चुकून ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. त्यानं त्यांचा हात धरला. "बाबा, रडी नाही खायची. उभा आहेस ते घर मोजायचं नसतं."