पोस्टिंगची धास्ती बसली आहे, नर्सिंग सोडू का?

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. कॉलेज खासगी, पण पोस्टिंग सिव्हिलमध्ये असतं. सध्या पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात आहे. चाळीसच्या वर पेशंट आणि दोन सिस्टर. त्या म्हणतात, "जा, बारा नंबरला इंजेक्शन देऊन ये," आणि माझे हात थरथरायला लागतात. नातेवाईक काही विचारतात तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही. गेल्या आठवड्यात, ज्यांचं बीपी मी रोज घेत होते ते आजोबा गेले. तेव्हापासून नीट झोप नाही. आई म्हणते, पंधरा दिवस घरी ये, नाहीतर सोड आणि बी.ए. कर. मी या क्षेत्राला लायक नाही का?
– एक विद्यार्थिनी, मराठवाडा

उत्तर : इंजेक्शनची धास्ती, नातेवाइकांपुढे गप्प होणं आणि आजोबांचं जाणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र करून तू "मी लायक नाही" असा निष्कर्ष काढलास, तो मला मान्य नाही. इंजेक्शनची धास्ती तर अगदी रास्त आहे. ती घालवू नकोस, ती तुला चुकीपासून वाचवते आहे.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पदवीनंतर होते. तोवर कुठलंही औषध द्यायचं ते सिस्टर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर यांच्या देखरेखीखालीच. "देऊन ये" म्हटल्यावर तोंडावर नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून हे वाक्य पाठ करून ठेव: "सिस्टर, मी हे एकटीने दिलेलं नाही. मी भरते, तुम्ही एकदा बघता का?" हा नकार नाही, त्यामुळे बहुतेक सिस्टर मिनिटभर थांबतात. नाहीच थांबल्या तर ट्रे तसाच ठेव आणि इन्स्ट्रक्टर मॅडमना बोलाव. त्या वॉर्डात फिरकतच नसतील, तर ही तक्रार वर्गातल्या सगळ्यांनी मिळून प्राचार्यांकडे लेखी द्यावी. शिकवणारं कुणी हजर नसणं हा तुझा कमकुवतपणा नव्हे.

नुसती सुई टोचता येणं पुरेसं का नाही, ते इन्सुलिनवरून कळेल. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या एका मिलीलीटरला ४० युनिटच्या असतात आणि पेनमधली कार्ट्रिज १०० युनिटची. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. चाळीसच्या बाटलीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलंस, तर पेशंटला मिळतात फक्त ८ युनिट. उलट झालं, म्हणजे शंभरचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर जातात ५० युनिट, आणि साखर धोक्याच्या पातळीला उतरते. हात स्थिर असूनही ही चूक होते. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाच, तोही मोठ्याने. पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युलला तर एकटीने हात लावायचाच नाही. ते थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं.

सलाइनचा हिशोब मात्र आजच शिकून घे: मिलीलीटर गुणिले सेटचा ड्रॉप फॅक्टर (म्हणजे त्या नळीतून एका मिलीलीटरला पडणारे थेंब), भागिले मिनिटं. ५०० मिली ८ तासांत द्यायचं आहे आणि सेट २० थेंबांचा आहे, तर ५०० × २० ÷ ४८० म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. सेटच्या पाकिटावर फॅक्टर छापलेला असतो, बारीक थेंबांच्या मायक्रोड्रिप सेटला तो ६० असतो. थेंब पूर्ण मिनिट मोज आणि अर्ध्या तासाने परत बघ, कारण पेशंटने हात वळवला की वेग बदलतो.

"आम्ही नुसतं बीपीच घेतो" अशी कुरकूर तुमच्या बॅचमध्ये ऐकू येत असेल, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसनाची नोंद, उघडून बघ. ओळीने सगळ्यांचा श्वसनदर २० लिहिलेला दिसला, तर तो कुणी मोजलेला नाही. पेशंटची तब्येत ढासळायला लागली की ज्या खुणा सर्वांत आधी दिसतात, त्यांत श्वासाचा वेग असतो, आणि नेमका तोच अंदाजाने लिहिला जातो. नाडी बघून झाली तरी मनगट सोडू नकोस, बोट तिथेच ठेवून पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोज. श्वास मोजते आहेस हे पेशंटला सांगू नकोस, सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. काल १८ होता आणि आज २८ भरला, तर चार्टवर लिहून पुढच्या बेडकडे जायचं नाही. थेट सिस्टरकडे जायचं: "नऊ नंबर, श्वसन २८, काल १८ होतं, ऑक्सिजन ९१." एवढं नेमकं सांगितलंस की त्याच सिस्टर तुला दुसऱ्या दिवशी जवळ बोलावून शिकवतील.

सुईबद्दलही सांगतेच, कारण हात थरथरत असताना ती हमखास लागते. वापरलेल्या सुईवर टोपी परत चढवायची नाही. नीडल कटर नर्सिंग स्टेशनवर आणि पेशंट वॉर्डाच्या पार टोकाला असतो, म्हणून मुली टोपी लावून चालत येतात आणि तिथेच टोचून घेतात. कटर किंवा पांढरा न भेदला जाणारा डबा ट्रेबरोबर बेडपर्यंत ने. तरीही लागलीच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धू. दाबून रक्त काढू नकोस, बोट तोंडात घालू नकोस, लगेच सांग. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी गरज असल्यास २ तासांच्या आत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर ती सुरू करून उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यायची असते. रागावतील म्हणून संध्याकाळपर्यंत लपवणं हीच यातली सर्वांत महाग चूक आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १, ६ महिने) झाले नसतील, तर या आठवड्यात पहिला घे.

नातेवाइकांना निदान किंवा रिपोर्टचा अर्थ सांगणं हे तुझं काम नाही. "विचारून सांगते" एवढं पुरे. पण मग खरंच विचारायचं आणि परत जाऊन सांगायचं. नाश्ता कधी येतो, एक्स-रे कुठे काढतात, असल्या गोष्टी वॉर्डातल्या मावशींना आणि मामांना तोंडपाठ असतात. त्यांना विचारायला संकोच करू नकोस.

आजोबांबद्दल. रोज ज्यांच्या दंडाला पट्टा बांधला ते माणूस गेल्यावर झोप उडणं हे मन शाबूत असल्याचं लक्षण आहे. इन्स्ट्रक्टरशी किंवा वरच्या वर्षाच्या एखाद्या ताईशी त्यांच्याविषयी बोल: शेवटच्या दोन दिवसांत चार्टवर काय दिसत होतं, काय केलं गेलं. आपलं काहीतरी चुकलं का, हा प्रश्न मनात राहिला असेल तर तो असाच सुटतो. दोन आठवड्यांनंतरही झोप आली नाही, तर सिव्हिलच्याच मानसोपचार ओपीडीत जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

आता आईंच्या प्रस्तावाविषयी. दोन दिवस घरी जाऊन ये, पण पंधरा दिवस नको. पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची हजेरी १०० टक्के भरावी लागते. बुडालेली पोस्टिंग पुढे सुट्टीत एकटीने भरावी लागेल, आणि तेव्हा सोबत मैत्रिणी नसतील.

सोडण्याचा निर्णय मेडिकल वॉर्डावरून घेऊ नकोस. सर्जरी आणि ओटीची (ऑपरेशन थिएटरची) पोस्टिंग होऊ दे, सामुदायिक आरोग्याची होऊ दे. वॉर्डातली रात्रपाळी न मानवणाऱ्या कितीतरी मुली डायलिसिस युनिटमध्ये किंवा गावपातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उत्तम काम करतात. तोवर वहीत दोन रकाने कर: रागावणं, गर्दी, न शिकवणं याचा त्रास एका बाजूला, पेशंटला स्पर्श करणं, जखम, वास, अंग पुसणं याचा दुसऱ्या बाजूला. पहिला रकाना भरला तर जागा बदलल्यावर त्रास जातो. चौथं सेमिस्टर संपतानाही दुसराच रकाना भरत असेल, तर मला परत लिही. मग बी.ए.सकट सगळे पर्याय फी आणि वर्षांच्या हिशोबासह मांडू.